फोरमनचा घरचा कॉम्प्युटर

बंद पडलेल्या यंत्राला फोरमन कधी थापट मारत नसत. रेडिओ खरखरला की त्याच्या पाठीत एक ठेवून द्यायची, ही त्या काळी घरोघरची रीत होती. फोरमन खुर्ची ओढून यंत्रासमोर बसत, चष्मा पुसत आणि मालकाला विचारत, “बंद पडण्याआधी तुम्ही काय करत होतात?” बहुतेक जण “काहीच नाही” म्हणत. “मग तेच काहीच नाही पुन्हा करून दाखवा,” ते शांतपणे म्हणत.

ते फोरमन कधीच नव्हते. मूळचे सायखेड्याचे, अंबडच्या एका कारखान्यात देखभाल विभागात इलेक्ट्रिशियन. सत्तरच्या दशकात आमच्या कामगार वसाहतीतले रेडिओ त्यांच्याकडे येत, पुढे टीव्ही येऊ लागले. वसाहतीने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा त्यांनी घरी कॉम्प्युटर जोडला. सुट्टीच्या दिवशी मुंबईला जाऊन ते एकेक भाग आणत. एकदा बोर्ड, एकदा कीबोर्ड, एकदा नुसत्या चिप. पेटी त्यांनी स्वतः पत्रा वाकवून केली. वर्षभराने पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, तेव्हा फोरमनच्या बायकोने, आमच्या काकूंनी, यंत्राला कुंकू लावलं. फोरमननी ते ओल्या फडक्याने पुसलं नाही, कोरड्याने पुसलं.

त्याच सुमारास लीलाताई माहेरी परत आल्या. लासलगावला दिलेली ही शेजारची मुलगी. लग्नानंतर महिनाभरात सासरच्या दुकानाला आग लागली आणि दोष हिच्या पायगुणाला लागला. दोन वर्षांनी त्यांनी तिला घराबाहेर काढलं. अंबडच्या एका कारखान्याला मालाची यादी कॉम्प्युटरवर चढवणारं माणूस हवं होतं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. लीलाताईंना टायपिंग येत होतं, पण कॉम्प्युटर त्यांनी पाहिलेलाही नव्हता. वसाहतीत तो एकाच घरात होता.

त्या फोरमनकडे सरावाला येऊ लागल्या आणि पहिल्याच दुपारी तो थिजला. अक्षरं जागच्या जागी, कुठलंही बटण दाबा, काही हलत नाही. बंद करून सुरू केला, चालला. लीलाताई बसल्या, पुन्हा थिजला. संध्याकाळी फोरमन दोन तास बसले, एकदाही अडला नाही.

त्यांचा नियम होता: एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या चिप अंगठ्याने दाबून बसवल्या. दुसऱ्या दिवशी बोर्डाचे पितळी दात खोडरबरने घासले. तिसऱ्या दिवशी पेटीतला पंखा बदलला. रोज दुपारी लीलाताई बसत आणि यंत्र थिजत असे.

“काका, सगळं एकदम बदला ना. दिवस चाललेत.”

“एकदम बदललं तर चालू होईल, पण का बंद पडत होतं ते कळणार नाही. मग ते परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा बंद पडेल.”

पाचव्या दिवशी, फोरमनच्या सुट्टीच्या दुपारी, शेजारच्या इंदूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “हिचा हात लागला की थांबतं. बघितलं ना आता सगळ्यांनी?” लीलाताई उठल्या.

“बस,” फोरमन म्हणाले. “इंदूबाई बोलतात ते बरोबर आहे. तुझा हात लागला की थांबतं. आता का थांबतं ते बघू.”

आवाज नको म्हणून त्यांनी पेटीतला पंखा बंद केला, सगळ्यांना गप्प केलं आणि लीलाताईंना उठून पुन्हा बसायला सांगितलं. प्लॅस्टिकच्या वायरने विणलेली खुर्ची, अंगावर नायलॉनची साडी, हवा हिवाळ्याची, कोरडी. बोट पेटीजवळ गेलं आणि बारीक ‘चट्’ ऐकू आलं. पडदा थिजला.

“मुंगी चावल्यासारखं होतं का?”

“रोज होतं, काका.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, तेही माझंच.”

फोरमन वाकून भिंतीतला प्लग बघू लागले. तो दोन पिनचा होता. कारखान्यात अर्थिंगशिवाय एकही मोटर सुरू न करू देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात अर्थिंग नव्हतं. साडीत साठलेली वीज पेटीत शिरत होती आणि तिला जमिनीत जायला वाट नव्हती. त्यांनी वहीत लिहिलं, “दोष माझा,” आणि खाली तारीख घातली.

“एवढंच ना? मग हिला सुती नेसायला सांगा,” इंदूबाई म्हणाल्या.

“हिनं का बदलायचं? जोडणी माझी चुकली आहे.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी मागच्या अंगणात खड्डा खणला. लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, तीन पिनचा प्लग बसवून तार पाइपला जोडली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. “वर्षाचं खडेमीठ गेलं की हो मातीत,” काकू म्हणाल्या. दुपारी लीलाताई तीच साडी नेसून तीन तास बसल्या. यंत्र अडलं नाही.

निवृत्तीनंतर फोरमन सायखेड्याला परतले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. आम्ही काकूंना भेटायला गेलो, तेव्हा लीलाताईही आल्या होत्या. त्या तोवर त्याच कारखान्याच्या स्टोअरच्या प्रमुख झाल्या होत्या. परीक्षेची हकिकत आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकली.

“दहाव्या मिनिटाला तिथलं मशीन थिजलं,” त्या म्हणाल्या. “साहेब धावत आले, ‘काय केलंत बाई?’ मी म्हटलं, ‘मी काही केलेलं नाही. मशीन बंद पडलंय. दुसरं द्या, आणि गेलेली दहा मिनिटंही द्या.’”

“दिली?”

“दिली की.”

काकूंनी पदराने डोळे पुसले. “परीक्षेवरून ही थेट आमच्याकडं आली. यांनी तेवढं बोलणं तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. लय खूश झाले. पेपर कसा गेला, ते विचारायचं यांना सुचलंच नाय.”