भिंतीपलीकडचं पाणी

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा मला तिसऱ्यांदा दिवस गेले. आधीच्या दोन्ही खेपा चौथा महिना लागायच्या आतच फुकट गेल्या होत्या. म्हणून या खेपेला वैद्यबुवांनी सासूबाईंना बजावलं, "मोकळी होईपर्यंत हिनं पाय जमिनीला लावायचा नाही." खाट मागच्या दाराशी ओढली, पायथ्याखाली दोन-दोन विटा सरकवल्या, आणि मी डोकं खाली, पाय वर अशी पडून राहिले. स्वभावानं मी भिंगरी. दुसऱ्या कशासाठी मला कोणी असं निजवलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण मला मूल हवं होतं, आणि इतकं हवं होतं की उलटं टांगलं असतं तरी मी चकार शब्द काढला नसता.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माहेर कल्याणला, सासर ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, आणि आगगाडीचे हादरे वैद्यबुवांनी वर्ज्य ठरवलेले. तेव्हा मी जाण्याऐवजी आईच येऊ लागली. वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्याबरोबर ती सकाळच्या गाडीनं यायची, दिवसभर माझ्या उशाशी बसायची आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच परत जायची. तेवढ्या वेळात पाण्याचा थेंब घ्यायची नाही. लेकीची कूस उजवेपर्यंत आईनं तिच्या सासरी अन्नपाणी घेतलं, तर लेकीचं मूल जगत नाही, असं आमच्याकडे मानत. माझी तर दोन गेलेली. आई ही रीत जिवापाड पाळत होती.

सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक. त्यांना रीत मान्य होती, पण पाहुणी आपल्या घरात उपाशी बसते हे काही सोसवेना. त्यांनीही दुपारचं जेवण सोडलं. "विहीणबाई कोरड्या बसल्यात, माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?" आईनं हातापाया पडून विनवलं, पण त्या हटून बसल्या. झालं! दोन्ही बाजूंना दोन विहिणी उपाशी, आणि मधे मी दोघींच्या हातचं खातेय. आईचा तूपभात संपतो न संपतो तोच सासूबाई शिऱ्याची वाटी घेऊन हजर. मला लाज वाटायची, नाही असं नाही. पण शिरा फार चांगला असायचा.

चौथ्या दिवशी सासूबाईंनाच तोड सुचली. आमची विहीर आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या सामाईक भिंतीत होती. अर्धी आमच्या परसात, अर्धी त्यांच्या. अलीकडे आमचा रहाट, पलीकडे त्यांचा. "काकूंच्या रहाटाचं पाणी काकूंचं," सासूबाई म्हणाल्या. "ते प्यायला काय हरकत आहे?" मग आई रोज दुपारी काकूंकडे जाऊन जेवायची, पाणी प्यायची. तिची हाक भिंतीवरून आली, "झालं हो माझं," की इकडे सासूबाई पान वाढून घेत. मी खाटेवरून हे सगळं बघायची आणि हसू दाबायची, कारण हसण्यालाही वैद्यबुवांची बंदी होती. माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

वैशाखात आठवा महिना चालू असताना एका दुपारी पोटात कळ आली आणि लुगड्यावर डाग दिसला. वैद्यबुवा धावत आले. चाटण दिलं, आणि दोन तासांनी कळ थांबली. "मूल आहे जागेवर," ते म्हणाले आणि गेले. आईला दरदरून घाम फुटला होता. तिनं माझ्या उशाचं पाण्याचं फुलपात्र उचललं आणि एका दमात रिकामं केलं.

मग तिला कळलं, आपण काय केलं ते. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

सासूबाई दारातच होत्या. "घाबरू नका, विहीणबाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "सकाळी आमचा दोर तुटला. घरात आज सगळं काकूंच्याच रहाटाचं पाणी आहे."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मला मागच्या दारातून आमचा रहाट स्वच्छ दिसत होता. दोर धडधाकट होता, त्याला बादली लटकत होती. आजवर सासूबाईंना मी एकही शब्द खोटा बोलताना ऐकलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. मलाही तो दोर तुटलेलाच हवा होता.

पुढचा दीड महिना कसा गेला ते माझं मला ठाऊक. मूल हललं नाही की मला ते फुलपात्र दिसायचं. शेवटी आषाढ लागला, पूर्ण दिवस भरले आणि एका सकाळी मी मोकळी झाले. मुलगी झाली. आली ती कोकलतच.

सुईणीनं नाळेला दोरा बांधला, तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "थांब गं! कापू नकोस!" बघते तर त्या उंबऱ्यात गडू घेऊन उभ्या. "कूस उजवली, रीत सुटली. पण नाळ कापली की सोयर लागेल. मग दहा दिवस ह्यांना आमच्या घरचं पाणी चालायचं नाही. विहीणबाई, आ करा."

आईचे दोन्ही हात माझ्या खांद्यांखाली होते. तिनं तोंड वर केलं आणि सासूबाईंनी वरून धार धरली. निम्मं पाणी तिच्या गळ्यावरून माझ्या कपाळावर सांडलं.

"वैशाखातही हेच प्यायले होते," आई म्हणाली. "दोर कुठे तुटला होता तुमचा! दीड महिना देवाला एकच सांगत होते, पाणी मी प्यायले, काय शिक्षा करायची ती मला कर."

सासूबाईंचे डोळे भरून आले. "आणि मी सांगत होते, खोटं मी बोलले, मला कर."



"बायांनो," सुईण म्हणाली, "पोर काकडतंय. आता तरी कापू का?"

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "काप," म्हणाल्या.