पडद्याच्या मोटारीचा मिस्त्री

सटवाजी मिस्त्री मोटार दुरुस्त करायला आला, की तासभर मोटारीला हातच लावायचा नाही. दारात उकिडवा बसून आधी मोटारीत बसणाऱ्यांची चौकशी करायचा. मालक, ड्रायव्हर, पोरंटोरं, मोटार धुणारा गडी, कोणी सुटायचं नाही. मालक वैतागायचे, "अरे, झाकण उघड की!" त्यावर हा म्हणायचा, "उघडू की मालक. लोखंड कुठं पळून जायलंय?"

तो जिंतूरचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. तरुणपणी हैदराबादेत राहून मोटारींचं काम शिकून आला. पण मूळची सवय गेली नव्हती. म्हणायचा, "मेंढरू आजारी पडलं तर बोलतंय का? त्याच्या संगं फिरणाऱ्याला इचारावं लागतंय. मोटारीचं बी तसंच हाय."

लग्न होऊन वालूरला सासरी आल्याला मला तेव्हा वर्ष झालं होतं. निजामी संपलेली, हैदराबादेतले नवाब सामानसुमान विकत होते. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अशाच एकाची जुनी मोटार आणली. मागच्या सीटला जाड निळे पडदे होते आणि मामंजींना मोटारीपेक्षा ते पडदेच जास्त आवडले. बायका मागे पडदे ओढून बसायच्या, पुरुष पुढे वारा खात.

त्या मोटारीत बसलं की मला घेरी यायची. परभणी येईपर्यंत डोकं ठणकायचं, ओकाऱ्या व्हायच्या. दोनदा तर शुद्धच हरपली. झालं! सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी निदान करून टाकलं, हिला फेपरं आहे. मला जोडा हुंगवून झाला, ताईत बांधून झाला. शेवटी माझ्या बापूंना निरोप गेला, की मुलीला घेऊन जा. सेलूकडची दुसरी मुलगी बघून ठेवल्याचंही माझ्या कानावर आलं. तेव्हा दुसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती. आणि नवरा? तो बापापुढे मान वर करत नसे. मी चुलीपुढे बसून रडायची, दुसरं काय करणार!

मिस्त्री आला तो वेगळ्याच कामाला. मोटार फार फटफटते, एवढीच मामंजींची तक्रार होती. त्याची चौकशी सुरू झाली आणि मी माजघराच्या दाराआडून ऐकत होते.

"मागं कोन कुठं बसतंय?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

"थोरल्या बाई डावीकडं. त्यान्ला पान थुकायला पडद्याची फट लागती. धाकल्या बाई उजव्या कोपऱ्यात."

"मंग धाकल्या बाईला इचारायला पायजे."

मामंजी म्हणाले, "बायकांना मोटारीतलं काय कळतं?"

"बसत्यात न्हवं तिच्यात? मंग तेवढं कळतंय." आणि तो सरळ दाराकडे तोंड करून म्हणाला, "धाकल्या बाई, मोटारीत वास कशाचा येतोय?"

वर्षभरात त्या घरात मला सगळ्यांनी पुष्कळ सांगितलं होतं. विचारलं कोणीच काही नव्हतं. मी दाराआडूनच म्हणाले, "चिमणी फुंकून विझवल्यावर येतो तसा. मग डोळे झोंबतात, कपाळ धरतं."

"घरात कधी घेरी आली?"

"नाही."

"बैलगाडीत?"

"कधीच नाही."

मग कुठे तो उठला. मोटार सुरू करायला लावून त्यानं धुराच्या नळीच्या मागच्या तोंडात ओलं फडकं कोंबलं आणि खाली शिरला. मागच्या सीटच्या उजव्या कोपऱ्याखाली नळी चिरली होती. तिथून फुस्स करून धूर निघाला आणि कुजक्या फळ्यांतून वर मोटारीत भरू लागला. मिस्त्री हात पुसत बाहेर आला. "मालक, आजार बाईला न्हाई, मोटारीला हाय. आन तुमचा पडदा धूर कोंडून धरायलाय."

मामंजी भडकले. "हिच्या सासूबाईही मागंच बसतात. त्यांना कसं होत नाही?"

"त्यान्ला पानाची फट हाय. पटत न्हाई तर तुमी बसा त्या कोपऱ्यात. वढ्यापतुर दोन फेऱ्या मारू."

मामंजी आणि पडद्यात! गडीमाणसं तोंडं फिरवून हसली. पण मामंजी इरेला पेटले होते, बसले. परत आले ते फेटा हातात घेऊन, डोकं धरून. ओट्यावर बसून दोन तांबे पाणी प्यायले. त्यांच्याकडे बघून मला इतका आनंद झाला, की आता सांगायला लाज वाटते.

मिस्त्रीनं नळी उतरवली, लोहाराच्या भात्यावर पितळेनं सांधली, फळ्यांवर पत्रा ठोकला. दुसऱ्या दिवशी सकाळीच बापू बैलगाडी घेऊन दारात! माझी ट्रंक बांधून तयार होती. आत्याबाई म्हणाल्या, "आता आलेच आहेत तर जाऊ द्या तिला." मिस्त्री मध्ये पडला. "आधी धाकल्या बाईला परभनीला नेऊन आनू, पडदे लावूनच. मंग काय ते ठरवा."

जाताना-येताना मी मुठी आवळून रामरक्षा म्हणत होते. आता घेरी आली तर संपलं, एवढंच मनात. आली नाही. संध्याकाळी मोटार दारात थांबली आणि मी माझ्या पायांनी उतरले. दिवसभर ट्रंकेशेजारी बसलेले बापू उठले आणि मिस्त्रीच्या पायांशी वाकले. तो दचकून मागे सरला. "काय करायलाव मालक! तेलाचे हात हायत माझे, उठवू कसा तुमाला?" बापूंची गाडी रिकामी परत गेली. ट्रंक आत नेली ती आत्याबाईंनी, स्वतः.

पुढे काही वर्षांनी तो येलदरीला धरणाच्या कामावर गेला आणि तिथेच तापानं गेला. बातमी आली तेव्हा मी देवघरात होते. निरांजन खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन बाजूला बसले. लग्न झालेली लेक बापाचं सुतक तीन दिवस पाळते. मी मिस्त्रीचं पाळलं. घरात कुजबुज झाली, पण मला कोणी अडवलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मामंजी माझ्यापासून चार हातांवर येऊन उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "सूनबाई, न्हायला पाणी तापवायला सांगू का?"