दुधाची वाटणी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. देवापुढेसुद्धा नाही — देवापुढे बसले की माळ भराभर ओढते आणि उठते. तुला सांगते. ऐक, मध्ये बोलू नकोस.

मानमोडीच्या तापात वहिनी गेली, मागं तान्हा मुरली. मी नंदुरबारला भावाच्या दारी पडलेली विधवा बहीण. भाऊ एवढंच म्हणाला, "हाऊ वाचना पाहिजे. बाकी माले काही माहीत नही." वरचं दूध मुरलीला पचेना. म्हणून डोंगराकडची सुमली त्याला पाजायला ठेवली. तिच्या कडेवर तिची पोरगी, मुरलीएवढीच. ती रडली की सुमलीचा जीव तुटायचा, मुरलीला अर्ध्यात सोडून तिला घ्यायची. मुरली सुकत चालला.

आमच्या मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला येणाऱ्या बाया पोरांना अफूचं बोट चाटवून सावलीत निजवायच्या. अगं, सगळ्याच करायच्या! — हे स्वतःला किती वेळा सांगितलंय मी. पण त्या कामापुरतं चाटवायच्या. मी सुमलीची पोरगी सांभाळायला माझ्याकडे घेतली, आणि तिनं डोळे उघडले की चाटवायचे. सुमली खूश. "माय, मन्ही पोर तुन्हाजोडे कशी गुपचूप ऱ्हास!"

मला कळत नव्हतं? कळत होतं. पोरगी दूध मागायचंच विसरली. हाताला हलकी लागायला लागली. एका दुपारी ती उठलीच नाही. आणि मला — कसं सांगू — आधी सुटल्यासारखं वाटलं. आता दूध सगळं आमचं. रडू नंतर आलं, तेही चार बाया जमल्यावर.

एक जीव वाचवायला दुसरा द्यावा लागला, असं म्हणू? लागला कुठं? शेजारी बकरी होती. तिचं दूध त्या पोरीला पाजून बघावं, हे माझ्या मनातही आलं नाही. — आलं होतं. खोटं कशाला बोलू?

आज मुरलीच्याच घरात राहते. तो मला दुधात भाकरी कुस्करून देतो, आई म्हणतो. सांगितलं तर त्याच्या घशाखाली घास उतरेल? नाही सांगितलं, तर माझ्या उतरत नाही. जाऊ कुठं?

मुरलीचं दूध तोडल्यावर सुमली आपल्या गावी निघाली. जाताना माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "मन्ही पोरले तू भलती माया लाई, माय." मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आशीर्वाद दिला — तुझी ओटी पुन्हा भरेल.