गोजराबाईची शेवंती

लहवितच्या पुढे दारणेच्या काठाला दिनशॉ शेठची पागा होती. शेठ मुंबईचे पारशी. देवळालीची हवा मानवली म्हणून त्यांनी कॅम्पात बंगला बांधला आणि घोड्यांचा नाद सुटेना म्हणून नदीकाठी पागा घातली. शिंगरं इथंच जन्मायची, इथंच वाढायची, पाठीवर माणूस घ्यायला शिकायची आणि तीन वर्षांची झाली की पुण्याच्या शर्यतींना जायची. त्या पागेला रोजचा हिरवा घास पुरवायची गोजराबाई.

गोजराबाई पस्तिशीची बाई. चणीनं लहान, आवाजानं मोठी. नवरा जयराम मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या सायकलला लावून कॅम्पातल्या बाजारात जाई, आणि ही लसूणघासाचा भारा डोक्यावर घेऊन पागेच्या वाटेला लागे. भारा टाकून माघारी फिरायचं, एवढंच काम. पण तिचा पाय तिथून निघत नसे. कुंपणाच्या लाकडाला टेकून ती घोड्यांकडे बघत राही. मग घरी पोचायला उशीर होई आणि जयराम म्हणे, "आज घोड्यांनी जेवायला थांबवलं व्हतं का?"

त्या साली, म्हणजे सत्त्याहत्तरचा पावसाळा सरता सरता, पागेत तीन नवी जनावरं शिकायला काढली होती. सगळ्यांत देखणा सुलतान. उंचापुरा, गहूवर्णी, चालला तर वाटावं लग्नातला नवरदेव निघाला. दुसरा काजळ्या, नावासारखाच काळा आणि अंगात वारं भरलेला. तिसरी एक तांबूस घोडी. कागदावर तिचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. ते शेठशिवाय कुणालाच म्हणता येत नसे. रंगावरून गोजराबाईनं तिला शेवंती म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू अख्खी पागा तेच म्हणू लागली.

पागेचा कारभार भिमाजी पगाऱ्यांकडे होता. फौजेच्या घोडदळात दफेदार होऊन परतलेला माणूस. भगूरला त्याचं घर होतं, पण तो असायचा पागेतच. मिश्या पिकलेल्या, पाठ ताठ, बोलणं तुटक. घोड्याला मारायचं नाही आणि माणसाला चुकू द्यायचं नाही, हा त्याचा नेम. त्याचं आणि शेवंतीचं मात्र जमेना. सुलतान आणि काजळ्या लगाम घेऊन दोरावर गोल फिरायला लागले, तरी ही पोरगी तोंडात लोखंड घेईना. कडी दिसली की दात आवळून मान आभाळात.

एका सकाळी असाच खेळ चालला होता. भिमाजी हातात लगाम घेऊन घोडीभोवती फिरत होता आणि घोडी भिमाजीभोवती. तेवढ्यात गोजराबाई भारा घेऊन आली. घोडीनं तिला बघितलं, सरळ चालत आली आणि डोक्यावरच्या भाऱ्यात कानांपर्यंत तोंड खुपसलं. गोजराबाईला ना पुढं जाता येईना, ना मागं.

"अवं दफेदार, हिला आवरा! माझी मान मोडती!"

"हलू नको बाई. अजिबात हलू नको," भिमाजी हळूच म्हणाला. घोडी घास चघळत होती, तेवढ्यात त्यानं कडी तिच्या जिभेवर सरकवली आणि पट्टा कानामागून घेतला. घोडीनं दोनदा जबडा हलवला, कडी चावून बघितली आणि पुन्हा घासात तोंड घातलं.

भिमाजीनं कपाळावरचा घाम पुसला. "उद्यापासून लवकर येत जा," तो म्हणाला. "नुसता भारा टाकायला नको. कामाला ये."

गावात दोन दिवस लोकांना हसायला विषय झाला. बाई आणि पागेत? जयराम म्हणाला, "लाथ बसली तर?"

"म्हशीची बसती तवा काय करते?" गोजराबाई म्हणाली. जयराम सायकलला जुड्या बांधायला लागला.

अशी ती पागेत शिरली. खरारा कसा करायचा, खूर उचलून आतली माती कशी काढायची, घोड्याच्या मागून जाताना हात पाठीवर का ठेवायचा, हे तिला भिमाजीनं शिकवलं. पहिल्या महिन्यात काजळ्यानं तिचा पदर फाडला आणि सुलताननं तिच्या पायावर पाय दिला. ती लंगडत घरी गेली आणि सकाळी लंगडतच हजर झाली.

थंडी पडली तसं शिक्षण पुढं सरकलं. कादर नावाचा हलक्या अंगाचा स्वार होता. तो आधी घोड्यांच्या पाठीवर नुसता आडवा पडून राही, मग एक दिवस त्यानं मांड टाकली. सुलताननं काहीच केलं नाही. काजळ्यानं त्याला तीनदा खाली उतरवलं. शेवंती थरथरत उभी राहिली, पण गोजराबाई पुढं दोर धरून चालू लागली तशी तीही मागोमाग निघाली. पलीकडच्या माळावर तोफखान्याचा सराव चाले. धडाम् आवाज झाला की दारणेचं पाणी हललं असं वाटे. पागेतली जनावरं त्या आवाजावर जन्मलेली, त्यामुळे कुणी कान हलवत नसे. नवखा माणूस मात्र दचकून खाली बसे.

होळीनंतर तिघं दुडक्या चालीवरून धावेवर आली. पागेच्या मागं भिमाजीनं लांब वर्तुळाची वाट नांगरून, दगड वेचून मऊ केली होती. सुलतान सुरेख पळे, पण उन्हं चढली की त्याचा जीव कंटाळे. काजळ्या सुटला की बाणासारखा, पण निम्म्यातच सगळा दम संपवून बसे. शेवंती त्या दोघांपुढं लहानखुरी. तिच्याकडून कुणालाच आशा नव्हती. शेठही म्हणत, "गोड आहे, पण पळायची नाय ही."

गोजराबाईला ते लागे. ती घोडीला कुणाला न दिसेल असा गुळाचा खडा देई. कुंपणाशी तिची हाक आली की शेवंती असेल तिथून येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवे. बाईला त्याचं भारी कौतुक.

मे महिन्यात पुण्याहून शर्यतीचे शिक्षक आले. शेठच्या घोड्यांची पुढची तयारी तेच करून घेत. तिन्ही जनावरं एकत्र पळवून बघायची ठरली. शेठ दुर्बीण घेऊन खुर्चीत बसले. भिमाजीनं रुमाल खाली केला आणि टापांचा आवाज उठला.

पहिल्या वळणाला काजळ्या पुढं होता. आंब्याच्या झाडाशी त्याचा दम सुटला. सुलतान पुढं आला आणि त्याच्या आतून, कुंपणाला चिकटून, शेवंती सरकली. मान लांब, पोट जमिनीला लागलेलं. शेठ खुर्चीतून उठले. "अरे दफेदार, ती छोटी बघ! ती छोटी!"

गोजराबाईला राहवलं नाही. कुंपणावर चढून ती ओरडली, "शेवंतेऽ!"

शेवंतीनं हाक ऐकली. पुढचे दोन्ही पाय रोवले आणि जागच्या जागी थांबली. कादर थांबला नाही. तो घोडीच्या कानांवरून उडाला आणि गोजराबाईनं नुकत्याच टाकलेल्या घासाच्या ढिगात जाऊन पडला. शेवंतीनं गोजराबाईच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि गुळाची वाट बघत राहिली.

मग घासातून कादरचं डोकं वर आलं आणि शेठ इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. पुण्याचे शिक्षक हसत नव्हते. "दोघांना पाठवा," ते म्हणाले. "हिला टांग्याला जुंपा."

गोजराबाई खाली बघत उभी राहिली. भिमाजी आता काय बोलेल, याची तिला धास्ती होती. पण तो मिशीला पीळ देत वाटेकडे बघत होता.

"घोडीत खोट नाय," शेवटी तो म्हणाला. "ती तुझ्यापर्यंत पळती. तू उभी आहेस तिथं तिची शर्यत संपती. म्हणजे तुला हलवली पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून गोजराबाईची जागा बदलली. आधी शर्यत संपते त्या शेवटच्या खांबाच्या थोडं पुढं. मग बाभळीपाशी. मग नदीच्या उतारावर, जिथून तिचं नुसतं डोकं दिसे. घोडी तेवढं सगळं अंतर पळू लागली. कादर म्हणे, "अशीच सरकत राहिलीस तर भगूर गाठशील!" गूळ बंद झाला. भिमाजीनं विचारायच्या आधी तिनंच सांगून टाकलं होतं, आणि तो फक्त "माहीत होतं" म्हणाला.

पण एके सकाळी गोजराबाई उतारावर बसल्या बसल्या विचारात पडली. पुण्याला कुठं उभं राहणार आपण? आणि जन्मभर ही आपल्याकडंच पळत राहिली तर स्वतःची कधी पळणार? ती उठली आणि भिमाजीकडे गेली.

"दफेदार, उद्या मी तिला दिसणारच नाय."

"जमेल तुला?"

"तिला जमायला पायजे. माझं मी बघीन."

ती पागेच्या भिंतीआड बसली. पहिल्या दिवशी शेवंती अर्ध्या वाटेत थबकली आणि चारी दिशांना बघून खिंकाळली. भिंतीआड गोजराबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी की चौथ्या, काजळ्या शेजारून पुढं निघाला आणि शेवंतीनं त्याच्याकडे असं बघितलं म्हणे, जसं कुणी आपलं ताट उचलून नेत असावं. कान मागं पाडून ती त्याच्या मागं लागली, त्याला गाठलं, ओलांडलं, आणि खांब गेला तरी थांबायला तयार नव्हती. कादरनं दोन फेऱ्यांनी तिला आवरलं. "बाई," तो भिंतीकडे बघून ओरडला, "हिला मजा यायला लागली!"

गोजराबाई भिंतीआडून बाहेर आली ती हसत आणि डोळे पुसत.

शेवंतीही येते, असा भिमाजीनं पुण्याला निरोप धाडला आणि पावसाळ्यात तिन्ही जनावरं ट्रकमध्ये चढली. पुढं भिमाजी बसला, मागं शेवंतीजवळ गोजराबाई. बायकोला एकटी कशी पाठवू, म्हणून जयराम आला, आणि सिन्नर यायच्या आत ड्रायव्हरला तिन्ही घोड्यांची वंशावळ सांगून मोकळा झाला. चंदनापुरीच्या घाटात पावसानं गाठलं. जनावरं पेंगत होती, जयरामच तेवढा घाबरला होता.

शर्यतीच्या दिवशी एवढी माणसं बघून गोजराबाईला वाटलं, ही सगळी एका जत्रेतली चुकून इकडं आली. आधी सुलतानची शर्यत झाली. तो डौलात निघाला आणि डौलातच शेवटून दुसरा आला. काजळ्याला खोकला झाला म्हणून काढलाच नाही. शेठचा चेहरा उतरला.

शेवंतीच्या शर्यतीच्या वेळी आभाळ भरून आलं. सगळी घोडी सुटायच्या जागी उभी राहिली आणि डोक्यावर वीज कडाडली. एकच गोंधळ उडाला. कुणी मागच्या पायांवर उभं, कुणाचा स्वार खाली. एकटी शेवंती जागची हलली नाही.

"बघा, बघा!" जयराम शेजारच्या अनोळखी माणसाला ढोसून म्हणाला. "आमच्याकडं तोफा वाजत्यात, तोफा!"

सगळी पुन्हा लावली आणि सोडली. लांबून नुसती रंगांची झुंड दिसत होती. गोजराबाई कुंपणाला घट्ट धरून होती. तोंड उघडायचं नाही असं तिनं स्वतःला बजावलं होतं. झुंड वळणावरून सरळ वाटेला लागली, चिखल उडाला, आणि त्यात तिला ती तांबूस मान दिसली. बाहेरच्या अंगानं, एकेकाला मागं टाकत. घोडी तिच्या समोरून गेली. इतक्या जवळून की चिखलाचे शिंतोडे हिच्या लुगड्यावर आले. शेवंतीनं मान वळवली नाही. ती बघत होती ती फक्त पुढच्या घोड्याला. त्याच्या मानेपाशी पोचली, आणि खांब गेला.

"दुसरी!" भिमाजी म्हणाला. "मानेनं हुकली."

"दुसरी?" गोजराबाईनं विचारलं. "इतक्या समद्यांत दुसरी?" आणि तिनं तिथंच, पावसात, जयरामचे दोन्ही हात धरून फुगडीचा एक फेरा घेतला. जयरामची टोपी चिखलात पडली. शेठ धावत आले, ते फुगडीत शिरायचेच बाकी होते. पुण्याचे शिक्षक छत्रीखालून म्हणाले, "बाई, पहिल्यालाच कप मिळतो."

"मिळू द्या की. पुढच्या खेपेला आमी घिऊ. तिनं माझ्याकडं बघितलंसुदिक नाय, पाह्यलंत ना?"

"त्यात आनंद कसला?"

"ते तुमाला नाय कळायचं," ती म्हणाली. मग शिक्षकही हसले आणि छत्री तिच्या डोक्यावर धरली.

घोडी पुण्यालाच राहिली. गोजराबाई परत आली. पोळा झाला, गणपती आले-गेले. एके दिवशी घरची सगळी आणि शेजारच्या बायका कोथिंबिरीच्या वाफ्यात खुडायला बसली असताना बांधावरून सायकल येताना दिसली. सायकलीवर भिमाजी दफेदार, पुण्याहून नुकताच परतलेला. या माणसाला कुणी कधी घाईत बघितलं नव्हतं. तो पाट न बघता तसाच आला, सायकलसकट पाटात पडला आणि पाण्यात बसल्या बसल्याच ओरडला, "पहिली! गोजराबाई, पहिली आली!"

शेवंती पुढं आणखी जिंकली, हरलीही. गोजराबाई सत्त्याऐंशी सालापर्यंत त्या पागेत होती. शेठनी तिच्याकडे कामच ते दिलं: प्रत्येक नव्या शिंगराला पहिल्यांदा दोरावर चालवायचं ते बाईनं. पण त्या दिवशी एवढं सगळं कुणाला माहीत नव्हतं. जयरामनं दफेदाराला पाटातून ओढून काढलं, गोजराबाईनं चुलीवर चहा ठेवला, आणि वाफ्यातल्या बायका खुडायचं सोडून बांधावर येऊन बसल्या. त्यांना ती शर्यत पहिल्यापासून ऐकायची होती. भिमाजी ओल्या धोतरानं उभा राहिला, आणि तुटक बोलणाऱ्या त्या माणसानं दिवेलागणीपर्यंत हातवारे करून सांगितली.