मंग्याचं पान मी पुसलं

मंग्याला मी डिलीट केलं.

हो, मीच. सोमवारी सकाळी, एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हाताखाली माउस.

मंगेश, आमचा लालबागचा मंग्या, जाऊन आज वर्ष झालं. किडनीने नेलं त्याला. जे काही उरलं होतं ते गेल्या आठवड्यात मी घालवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेबसाइट बनवणाऱ्या लोकांसाठी आम्ही दोघांनी एक साइट काढली होती, ‘हत्यारपेटी’. चांगले फॉन्ट, आयकॉन, फुकट वापरता येणारे फोटो, कोड शिकवणारी पानं. सगळं निवडून, एका ठिकाणी.

निवडायचं काम मंग्याचं. स्वतः एखाद्या कामात वापरून बघितल्याशिवाय एकही लिंक आत घ्यायची नाही, हा त्याचा नियम.

मी वैतागायचो. “अरे टाक ना, लोक बघतील त्यांचं ते.”

“मग आपण कशाला हवेत? सर्च करायला लोकांचे हात मोडलेत काय?”

मराठी फॉन्ट आला की हा पहिला ‘कुऱ्हाड’ लिहून बघणार. त्यातलं ‘ऱ्हा’ फाटलं की फॉन्ट बाद. बनवणाऱ्याने कितीही गयावया केली तरी बाद. असला खडूस माणूस होता.

साफसफाई माझ्याकडे. बंद पडलेली लिंक पेटीत ठेवायची नाही. त्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिलाय. तो रविवारी सगळ्या लिंकांची दारं ठोठावतो आणि सोमवारी मला बंद दारांची यादी देतो.

मी सगळ्यांवर एकदम टिक करतो आणि रिमूव्ह दाबतो. वाचत बसत नाही.

त्या सोमवारी त्यात मंग्याची स्वतःची वेबसाइट होती.

पेटीत खाली ‘आपली माणसं’ असा भाग आहे. तिथे मंग्याच्या नावावर क्लिक केलं की त्याचं पान उघडायचं. फोटो, केलेली कामं आणि वर एक प्लेचं बटण. दाबलं की त्याच्या आवाजात, “नमस्कार, मी मंगेश. या, बसा.”

वेबसाइटचं नाव आणि ती ठेवायची जागा दरवर्षी पैसे भरून रिन्यू करावी लागते. आजारपणात त्याने रिमाइंडरसाठी माझा मेल देऊन ठेवला होता.

“मला नाय जमणार आता मेलबिल बघायला. तू बघशील ना?”

“बघतो रे.”

काय कप्पाळ बघितलं! असले मेल मला क्लायंटच्या नावाने ढिगाने येतात. ते परस्पर एका फोल्डरमध्ये जातील अशी मी सोय करून ठेवलीय. क्लायंटचं सगळं ऑटोवर आहे, म्हणून तो फोल्डर मी उघडतच नाही.

मंग्याचं तेवढं ऑटोवर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकींचा, म्हणजे मंग्याच्या आईचा फोन.

“सुनील, काल मंगेश बोलूक नाय, आज त्येचा नावच खंय गेला रे? सकाळपासून शोधतंय.”

तेव्हा मला कळलं. मंग्याने त्यांच्या मोबाईलवर पेटीचं चिन्ह ठेवून दिलं होतं. काकी रोज देवपूजा झाली की ते उघडायच्या, खाली जायच्या, त्याच्या नावावर बोट ठेवायच्या आणि त्याचा आवाज ऐकायच्या. मग चहा.

मी वर्षभरात त्याचं पान एकदाही उघडलं नव्हतं. एकदाही.

धावाधाव केली. वेबसाइटचं नाव परत मिळालं, पण आतलं सगळं पुसलं गेलं होतं. वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला, “सर, बॅकअप असेल ना तुमच्याकडे?”

बॅकअप मंग्याच्या लॅपटॉपवर होता. तो लॅपटॉप त्याच्या भाचीला कॉलेजसाठी मीच फॉरमॅट करून दिला होता. मोठा शहाणा मी! लोकांना बॅकअपवर भाषणं देतो.

शनिवारी लालबागला गेलो. फोनवर सांगायची हिंमत नव्हती.

“काकी, ते पान आता नाही यायचं. माझ्यामुळे गेलं.”

काकी रागावतील म्हणून तयारीत गेलो होतो. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“फोटो आसत रे माझ्याकडे. माका तो बोलता ता होया.”

“तुमच्या मोबाईलमध्ये काही रेकॉर्ड केलेलं?”

“तो घरात होतो तेवा आवाज कोण भरून ठेवता?” मग एकदम चेहरा उजळला. “तुझ्याकडे आसतलो ना! तुमी तर दिवसभर बोलत होतास.”

मलाही आठवलं. आहे की! परळला डायलिसिसला पडलेला असताना त्याचा एक हात सुईत अडकलेला असायचा. टाइप करता यायचं नाही. म्हणून कुठली लिंक घ्यायची, कुठली नाही, ते तो रेकॉर्ड करून फाइल पाठवायचा.

आणि मी उलट लिहायचो, “टाइप कर ना यार, ऐकायला वेळ नाही.”

मग तो बिचारा एका हाताने दोन ओळी टाइप करायचा. माझं काम भागायचं. फाइल तशाच राहायच्या.

काकी शेजारी येऊन बसल्या. कान माझ्या मोबाईलजवळ आणला. मी चॅट उघडून वर गेलो. एकाखाली एक फाइल, प्रत्येकीवर डाउनलोडचा बाण. मी एकही उतरवून घेतली नव्हती.

पहिली दाबली. नाही. दुसरी. नाही. सगळ्या दाबून बघितल्या.

प्रत्येक वेळी तेच आलं. फाइल आता उपलब्ध नाही. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

“काय म्हणता तो?” काकींनी विचारलं.

मी म्हटलं, “इथे रेंज नाही काकी.”

म्हणून ही पोस्ट. कुणाकडेही मंग्याचा आवाज असेल तर पाठवा. कुणाच्या लग्नातला व्हिडिओ, गणपतीतली आरती, एखाद्या मीटअपचं रेकॉर्डिंग. मला घातलेली शिवी असली तरी चालेल.

काकी रेंज येण्याची वाट बघतायत.

मंग्या, माफ कर म्हणायला तोंड नाही मला.