चाई आणि दोन वेण्या

“आत्याकडे नको गं, आज मीच घालते वेणी.”

वहिनी हळूच म्हणाली होती, पण आचोळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत हळू असं काही नसतं. मी बाथरूममध्ये नळ बंद करून उभी राहिले.

“तू केस ओढतेस,” पुतणी कुरकुरली. “आत्या नाही ओढत.”

“ओढल्याने कुणाला टक्कल पडत नाही.”



वहिनी कामणच्या एका गोदामात हिशेबनीस आहे, तिला लवकर निघावं लागतं. त्यामुळे पुतणीच्या वेण्या माझ्याकडे होत्या. दिवसभरात मी फारसं बोलत नाही, पण त्या दहा मिनिटांत ती माझ्या गुडघ्यांत बसून वर्गातली सगळी भांडणं सांगायची आणि मी हसायचे.

मग माझ्या डोक्यात मागे एक गुळगुळीत चट्टा निघाला. आई म्हणाली, चाई पडली, कीड केस खाते. तिने लसूण चोळली. कातडी भाजली, केस आले नाहीत आणि आणखी तीन चट्टे पडले.

त्वचेच्या डॉक्टरांशी मी इंग्रजीत बोलले, म्हणून बोलता आलं. ते म्हणाले, रोगांशी लढणाऱ्या आपल्याच पेशी केसांच्या मुळांवर उठतात. रक्तात त्या मुळांविरुद्ध अँटिबॉडीजही सापडतात. त्यांच्यामुळेच केस जातात का, असं मी विचारलं. “नक्की माहीत नाही. कदाचित मुळं आधी बिघडतात आणि त्या मागून येतात.” मला निदान एक शत्रू हवा होता. तोही पक्का नव्हता. संसर्ग होत नाही, एवढंच ते खात्रीने म्हणाले.

घरी आल्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. बायोलॉजीत मला चांगले मार्क होते, पण त्यातलं एक वाक्यही मराठीत जुळेना. “औषध दिलंय,” म्हणाले आणि आत गेले. बाकीचं घराने आपापलं ठरवलं. दुसऱ्या दिवशी माझा कंगवा वेगळ्या ग्लासात होता. मीही तो तिथेच राहू दिला.

त्या सकाळी मी बाथरूममधून बाहेर आले तेव्हा एक वेणी झाली होती, वाकडी. वहिनीचा फोन वाजत होता, खाली रिक्षा थांबली होती. पुतणी रिबीन घेऊन माझ्याकडे वळली, तशी वहिनीने तिचा खांदा धरला. “राहू दे. बाईंना सांग, उशीर झाला.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तसं काही नाही हं. तुला उगाच त्रास.”

पोरगी अर्ध्या मोकळ्या केसांनी दोघींकडे बघत होती. वहिनी चप्पल घालायला लागली.

“वहिनी, हे कुणाला लागत नाही,” मी म्हणाले. “माझंच शरीर माझ्या केसांना परकं समजतंय. का, ते डॉक्टरांनाही माहीत नाही. पण तिला काही होणार नाही. मला तेवढी एक वेणी घालू दे.”