मला न आलेला वास

बाबा गेले तेव्हा मी तिसरीत होते. त्यानंतर आईनं सुकट विकायला घेतली. नागपूरच्या आसपासचे आठवडी बाजार ती करायची. घर म्हणजे एक खोली. पोती बाहेर ठेवली तर मांजरं फाडायची, म्हणून सुकट, झिंगे, बोंबील सगळं आत, आणि पोत्यांना लागून आमचं अंथरूण. पावसाळ्यात माल चुलीजवळच्या कोरड्या जागेत सरकवायचा आणि आम्ही दोघी गळक्या बाजूला. आम्ही ओल्या झालो तर वाळत होतो. मालाला बुरशी धरली की पुढचा बाजार येईपर्यंत वरणात पाणीच जास्त.

पाचवीत माझ्या बाकावरच्या मुलीनं बाईंना विचारलं, "मी जागा बदलू का?" कारण तिनं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलंही नाही. घरी येऊन मी आईला एवढंच सांगितलं, की आता बाकावर मी एकटीच बसते. पुढच्या बाजारातून येताना ती एक लोखंडी पेटी आणि डांबर गोळ्यांची पुडी घेऊन आली. माझे कपडे त्या पेटीत गेले ते कायमचे.

मला मात्र संशयाची सवय लागली. बसमध्ये शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावला, की तो माझ्यामुळे. कोणी खिडकी उघडली, तर तीही माझ्यामुळे. लोक माझ्याशी बोलत तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांकडे कमी आणि नाकपुड्यांकडे जास्त बघायचे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. त्यावर बुटीबोरीला खाद्यतेलाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेची नोकरी लागली. सहा महिने कच्ची, काम पटलं तर पक्की.

रिफाइंड तेलाला वास नसणं ही त्याची परीक्षा. यंत्रं बरंच काही सांगतात, पण आमच्याकडे शेवटचा शब्द नाकाचा असायचा. पाच जणांचं पॅनल बसायचं. प्रत्येकापुढे तेलाचे तीन छोटे ग्लास, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते हुंगून ओळखायचं. त्या दिवशी अत्तर नको, सुगंधी साबण नको, कांदा नको, तंबाखू-सुपारीचा खर्रा तर नकोच नको. ग्लास धुणं, पुसणं, तेल कोमट करून ओतणं आणि वर काच झाकणं हे काम माझं.

पुसायला टिपकागद असायचा. त्याचे बारीक तंतू काचेला चिकटायचे, ते मला खपेना. चौथ्या महिन्यात मी आईच्या जुन्या सुती साडीची फडकी करून नेऊ लागले. घरी उकळायची, कडक उन्हात वाळवायची, घडी घालून ठेवायची. ग्लास असे चमकायचे, की मीच दोनदा बघायचे.

त्याच आठवड्यात पॅनलवरचा एक जण म्हणाला, "औषधासारखं काहीतरी येतंय." मग दुसराही तेच म्हणाला. कोणत्या ग्लासात, तर तिन्हींत. मी हुंगून पाहिलं. मला काहीच आलं नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, "तुम्हाला नाही येत?"

"नाही, मॅडम."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मान जरा वाकडी केली तर त्यांनी पानावर हात ठेवला.

तेलाचा तो घाणा अडवून ठेवला. पुढच्यालाही तोच वास. आता जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघू लागला. माझा संशय स्टोअरवाल्या काकांवर. रिकामे ग्लास आणि बाटल्या त्यांच्याकडून यायच्या, आणि त्याच खोलीत फिनाइलचे डबे. शिवाय गालात कायम खर्रा. मी मॅडमना जाऊन सांगितलं. स्टोअरची झडती झाली, काकांना मेमो मिळाला.

काकांनी मला दारातच गाठलं. "काहून वं पोरी, माह्या नावानं बिल फाडून राहिली का तू?"

"काका, फिनाइल तिथंच आहे ना ग्लासांजवळ?"

"तू यायच्या आधीपासून तिथंच आहे. तवा नाही आला वास, अन् आताच आला?"

"खर्रा खाणाऱ्याले काय कळते वासाचं?"

"नाही कळत. म्हणून मी तिथं बसत नाही," काका म्हणाले. "तुले येत नाही, अन् तू गिलास मांडून राहिली!"

मी निघाले, पण ते वाक्य बसमध्ये घरापर्यंत माझ्याबरोबर आलं.

त्यानंतर मौद्याला मावसबहिणीचं लग्न होतं. चार दिवस रजा घेऊन गेले आणि मावशीनं घेतलेल्या नव्या कपड्यांतच वावरले. रविवारी दुपारी परत आले, सोमवारसाठी कपडे काढावेत म्हणून पेटी उघडली, आणि नाकात सुई गेल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं.

एकच वास सतत येत राहिला, की नाक काही वेळानं त्याची खबर देणंच सोडून देतं. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. आमच्या पेटीला ते कधी लावून पाहिलं नव्हतं. डांबर गोळी वितळत नाही, तिची सरळ वाफ होते. ती वाफ कपड्यात बसते. कपड्यांवरच, त्याच पेटीत, माझी ग्लास पुसायची फडकी होती. आणि तेल तर वास ओढूनच घेतं. कोमट केलं की परत सोडतं.

"काय झालं वं?" आईनं विचारलं.

"या गोळ्यांचा वास येऊन राहिला."

"मंग चांगलं आहे ना. सुकटीचा तर नाही येत?"

मी पेटीचं झाकण लावलं.

संध्याकाळभर मी एकच हिशेब मांडत होते. फडकी गुपचूप फेकून द्यायची, टिपकागद घ्यायचा. वास जाईल, स्टोअरच्या झडतीमुळे गेला असं सगळे म्हणतील, माझी नोकरी पक्की होईल. काकांचा मेमो तेवढा राहील. सांगितलं, तर फडकं सांगावं लागेल, मग पेटी, मग गोळ्या, आणि गोळ्या कशासाठी तेही.

सोमवारी मी मौद्याचेच कपडे घालून गेले. मॅडम वाटच बघत होत्या. "तुम्ही रजेवर होता ते चार दिवस वास आला नाही." मग म्हणाल्या, "ग्लासात काय घालता तुम्ही?"

म्हणजे वहीत माझंच नाव होतं.

"घालत काही नाही. वास माझ्या घरून येतो," मी म्हणाले आणि फडकी टेबलावर ठेवली. डांबर गोळ्यांचं सांगितलं.

"गोळ्या कशाला?"

"घरात सुकटीची पोती असतात. माझी आई सुकट विकते. कपड्यांना तो वास लागू नये म्हणून."

मॅडमच्या नाकपुड्या मी बघितल्या. हलल्या नाहीत.

"हे सांगायला सोपं आहे," त्या म्हणाल्या.

"मग तपासा."

त्यांनी तपासलं. माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते मला बरं वाटलं. ग्लास दुसऱ्या मुलीनं मांडले. तेल एकच, चांगलं म्हणून आधीच पास झालेलं. दोन ग्लास कागदानं पुसलेले, एक माझ्या फडक्यानं. मलाही हुंगायला बसवलं. पाचही जणांनी एकच ग्लास उचलला. मीही तोच उचलला. मॅडमनी जागा बदलून तीनदा करायला लावलं, तिन्ही वेळा तेच.

अडवलेलं तेल नव्या ग्लासांत तपासून सोडलं. काकांचा मेमो मागे घेतला. मी स्टोअरमध्ये गेले.

"काका, चूक माझी होती."

"मंग? माफी मागून राहिली का?"

"हो."

"मंग माग ना. उभी काहून आहेस?"

मागितली. "बरं," काका म्हणाले, "आता सरक, मले खर्रा घोटू दे."

मॅडमनी त्या दिवशी वहीत काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. सहा महिने भरले तेव्हा माझी नोकरी पक्की झाली आणि वासाच्या पॅनलवर मला जागा मिळाली. आमच्या घराण्यातली ही पहिली पक्की नोकरी.